पडणारा रॉबिन हूड : दीड मिनिटाचं विडंबन-कार्टून कसं बांधायचं

छाती पुढे काढून, कमरेवर हात ठेवून नायक खदाखदा हसतो, वेल पकडतो, झेप घेतो आणि समोरच्या झाडावर सपाट आपटतो. पहिल्या वेळी याला कुणीही हसतं. तिसऱ्या वेळीही हसू यावं आणि शेवटी तो नायक आवडू लागावा, हे मात्र आपोआप होत नाही. ते फ्रेम, म्हणजे सेकंदाचे चोविसावे भाग, मोजून बांधावं लागतं.

अमेरिकेतल्या स्टुडिओंनी १९४० आणि १९५० च्या दशकांत चित्रपटगृहांसाठी सहा-सात मिनिटांची कार्टून्स काढली, तेव्हा ही विद्या कळसाला पोचली. वॉर्नर ब्रदर्सकडे दिग्दर्शक चक जोन्सनं १९४९ मध्ये बग्ज बनी या सशाला रॉबिन हूडच्या जंगलात सोडलं आणि १९५८ मध्ये 'रॉबिन हूड डॅफी'त डॅफी या बदकाला थेट रॉबिन हूडच केलं. त्याच १९५८ मध्ये फ्रिझ फ्रेलेंगनं राजा आर्थरच्या सरदारांची फिरकी घेतली आणि त्या कार्टूनला ऑस्कर मिळालं. ही कार्टून्स पुन्हा पुन्हा बघितली की एक गोष्ट लक्षात येते. यात दंतकथेची टिंगल कुठेच नाही. रॉबिन हूड थोर आहे यावर सगळ्यांचा विश्वास आहे, आणि सगळ्यात जास्त विश्वास त्या पडणाऱ्या बदकाचा आहे. हसू येतं ते त्या विश्वासाच्या आणि त्याच्या आखूड पायांच्या मधल्या अंतराचं.

आपल्याला हे नवं नाही. तमाशाच्या गवळणीत कृष्ण असतो आणि पेंद्या असतो. फजिती पेंद्याची होते, कृष्णाचं देवपण जागच्या जागी राहतं. विडंबन लिहायला बसताना हा पेंद्या डोळ्यांसमोर ठेवा.

खाली एक अख्खं कार्टून उभं केलं आहे: रॉबिन हूडवरचं, ९० सेकंदांचं, दोघातिघांनी महिना-सव्वा महिन्यात हातानं काढता येईल असं. नायक दुसरा घेतलात तरी सांगाडा तोच चालेल. मात्र बदक, ससा वगैरे पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत, ती काढू नका. रॉबिन हूड कुणाच्याच मालकीचा नाही. त्याच्यावरचे पोवाडे पंधराव्या शतकापासून लिहिलेले सापडतात.

आधी मूळ नायकाची यादी

कागदाचे तीन रकाने करा: दिसणं, हालचाल, वचन. मूळ नायकात काय काय आहे ते प्रामाणिकपणे भरा.

दिसण्यात हिरवे कपडे, टोपीतलं पीस, पाठीवरचा भाता, हातात लांब धनुष्य. हालचालीत वेलीवरून झेप, लाकडी पुलावरची काठीची लढत, बाणाचा अचूक नेम, कमरेवर हात ठेवून हसणं. यातल्या लढतीची कथा जुन्या इंग्रजी पोवाड्यांतून आली आहे: पुलावर, पुढे त्याचा साथीदार होणारा लिटल जॉन आडवा येतो आणि रॉबिनला पाण्यात पाडतो. म्हणजे मूळ दंतकथेतही रॉबिन आपटी खातोच. झेप आणि ते खदाखदा हसणं मात्र लोकांच्या डोळ्यांत बसलं ते १९३८ च्या रंगीत चित्रपटातल्या एरॉल फ्लिनमुळे. १९४९ च्या कार्टूनच्या शेवटी तर त्या चित्रपटातला खरा एरॉल फ्लिनचा तुकडाच जोडलेला आहे. वचनाच्या रकान्यात एकच ओळ लिहा: श्रीमंतांना लुटून गरिबांना द्यायचं.

आता यातल्या फक्त तीन हालचाली ठेवा: झेप, बाण, काठी. बाकीच्या खोडा. ९० सेकंदांत चौथी बसत नाही, आणि बसवलीत तर तिन्हींचा श्वास तुटतो. वचन मात्र खोडायचं नाही, शेवट त्यावरच उभा राहणार आहे. ढोबळ चुकांमधली सर्वांत मोठी इथेच होते. लोक विनोद बाहेरून आणतात. रॉबिन हूडच्या हातात मोबाइल देतात, त्याला रिक्षात बसवतात. असल्या गोष्टीवर एकदा हसू येतं आणि संपतं. विनोद नायकाच्याच सामानातून निघाला पाहिजे.

तीन पात्रं, तीन वृत्ती

१९५८ च्या बदकाच्या कार्टूनची कथा मायकल मॉल्टीजनं लिहिली. तिची बांधणी शिकण्यासारखी आहे. एक जण सिद्ध करायला धडपडतो. एक जण बघतो आणि त्याला पटत नाही. एक जण गाढवावर बसून शेजारून निघून जातो, त्याला काही पत्ताच नाही. धडपड, शंका आणि बेफिकिरी. दोनच पात्रं ठेवलीत तर ती भांडतात आणि ते पाठलागाचं कार्टून होतं. तिसरा बेफिकीर माणूस आला की भांडणाला जागाच उरत नाही, नायकाला स्वतःशीच लढावं लागतं.

आपल्या कार्टूनमध्ये नायक म्हणून हेजहॉग, म्हणजे काटेरी पाठीचा इवलासा प्राणी, घेऊ. इंग्लंडच्या रानात तो खरोखर असतो, वर्तुळातून काढता येतो आणि पाठीवर भाता बांधला की काटे आणि बाण एकमेकांत मिसळतात. हा एक विनोद फुकट मिळाला. त्याची उंची त्याच्याच डोक्याच्या अडीचपट, म्हणजे अडीच डोकी ठेवा, पाय अर्ध्या डोक्याचे. शंका घेणारा फ्रायर, म्हणजे झगेवाला भिक्षू, साडेचार डोक्यांचा, खांद्याहून पोटाकडे रुंद होत जाणारा पेरूचा आकार. श्रीमंत गृहस्थ आणि त्याचं गाढव मिळून एकच आकार करा, म्हणजे गृहस्थ गाढवावर शिवल्यासारखा.

मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राचा आकार आणि मापं ठरवून देणाऱ्या नमुना-चित्रावर, हेजहॉगचे काटे नऊच ठेवा आणि त्यांना क्रमांक द्या. दर चित्रात काटे मनाला येतील तसे काढले तर पाठ उकळल्यासारखी थरथरते आणि प्रेक्षकाचा डोळा तोंडावरून पाठीकडे जातो. नऊ काट्यांचा एकच जुळलेला आकार करा, आतल्या रेषा काढूच नका. टोपीतलं पीस मात्र मोकळं ठेवा. ते नेहमी शरीरापेक्षा तीन फ्रेम उशिरा हलेल. नायक निश्चल उभा असतानाही पीस हलतंय, एवढ्यानं तो जिवंत वाटतो.

मॉडेल शीट पूर्ण काळी भरून बघा. नुसत्या सावलीतून 'हा धनुर्धारी' असं ओळखू आलं नाही, तर धनुष्य दीडपट मोठं करा.

हिशोब

२४ फ्रेम प्रतिसेकंद धरले तर ९० सेकंदांचे २१६० फ्रेम होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवायचं, म्हणजे टूजवर काम करायचं, तर १०८० चित्रं. होल्ड, म्हणजे एकच चित्र स्थिर धरून ठेवलेल्या जागा, आणि पुन्हा वापरायची चालण्याची आवर्तनं वजा केली की साधारण ६५० उरतात. दोघांनी रोज पंचवीस-पंचवीस स्वच्छ चित्रं काढली तर तेरा दिवस लागतात. कच्ची रेखाटनं, रंग आणि आवाज धरून पाच आठवडे ठेवा.

वेळेची वाटणी अशी करा: सुरुवात १० सेकंद, फ्रायरची भेट १४, झेप १३, बाण १५, पूल २०, शेवट १८.

सॉफ्टवेअरपैकी ओपनटून्झ मोफत आहे आणि त्यात एक्सपोजर शीट, म्हणजे कुठलं चित्र किती फ्रेम दिसणार याचा तक्ता, जुन्या पद्धतीनं उभी दिसते, त्यामुळे या कामाला ते सर्वांत सोयीचं. क्रिटा किंवा ब्लेंडरचं ग्रीज पेन्सिलही चालेल. १९२० बाय १०८०, २४ फ्रेम. हे पहिल्याच दिवशी ठरवा. मध्येच २५ किंवा ३० वर गेलात तर खाली दिलेली सगळी मोजमापं बिघडतात.

आवाज आधी, चित्र नंतर

संवाद चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित करा. ओठांच्या हालचाली आवाजावरून बसवायच्या असतात. उलट केलंत तर कलाकार चित्राच्या मागे धावतो आणि ते ऐकू येतं.

मराठीत या कामाला एक मोठी सोय आहे, ती वापराच. नायकाला संगीत नाटकातल्या राजाची भाषा द्या: 'थांब, हे धनिका! शेरवूडचा सिंह तुझ्यासमोर उभा आहे!' (शेरवूड म्हणजे रॉबिन हूडचं रान.) फ्रायर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यासारखा बोलेल: 'बाळा, लागलं का रे?' ज्याला शूरवीर म्हणून ओळखलं जायचंय, त्याला समोरचा मायेनं 'बाळा' म्हणतो. यापेक्षा मोठा घाव काठीनं बसत नाही. हे 'बाळा' चार वेळा येऊ द्या आणि शेवटी एकदाच बदला. ते पुढे येईलच.

नायकाच्या आवाजात मस्करी नको. आवाज देणाऱ्याला सांगा: तू खरोखर रॉबिन हूड आहेस आणि आजचा दिवस थोडा वाईट चाललाय. कलाकारानं स्वतः हसत हसत ओळ म्हटली की प्रेक्षकाच्या वाट्याचं हसू संपतं.

झेप : १४४ फ्रेम

हा शॉट सगळ्या कार्टूनचा कणा आहे, म्हणून तो फ्रेमनिशी मांडतो.

कमरेवर हात, छाती पुढे, हसणारी पोझ: २४ फ्रेम. शरीर स्थिर, फक्त पीस हलतंय. मग आरोळी: २० फ्रेम. वेल धरून मागे झुकणं: ८ फ्रेम, चार चित्रं टूजवर. मागे झुकलेल्या पोझवर थांबा: ६ फ्रेम. हे सहा फ्रेम वाचवायचा मोह होतो, वाचवू नका. डोळ्याला 'आता काहीतरी होणार' एवढं कळायला तेवढा वेळ लागतोच. मग सुटणं: ५ फ्रेम, इथे मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, म्हणजे वन्सवर. त्यातली मधली दोन चित्रं स्मिअर ठेवा. अंग ताणून लांबवलेलं, टोपी इथे, पाय तिथे, डोळे मधे कुठेतरी. एकेकटं बघितलं तर ते विचित्र दिसेल आणि तसंच दिसायला हवं. आता लांबचा शॉट, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झोका: १० फ्रेम.

आपटणं. इथे बहुतेक नवशिके झाडाला नुसता स्पर्श झालेलं चित्र काढतात. ते काढूच नका. झाडापासून वीतभर अंतरावरचं चित्र, आणि लगेच पुढच्या फ्रेमला पूर्ण चपटं झालेलं चित्र. मधला स्पर्श प्रेक्षकाचा मेंदू स्वतः भरतो आणि तो तुमच्या चित्रापेक्षा जोरात भरतो. चपटं चित्र २ फ्रेम. मग थोडं फुगून झाडाला चिकटलेलं चित्र, १६ फ्रेम, अजिबात हालचाल नाही. चपटं चित्र येताच पार्श्वभूमीला हादरा द्या, फक्त सहा फ्रेम: खाली १२ पिक्सेल, वर ८, खाली ५, वर ३, खाली २, शून्य. हादरा सहाच्या पुढे नेलात की भूकंप वाटतो आणि नायकावरची नजर सुटते.

खोडावरून घसरणं: ३० फ्रेम, टूजवर, एकाच वेगानं. सगळ्या हालचालींना सुरुवातीला आणि शेवटी मंद करायची सवय असते, इथे ती मोडा. एकसारखा वेगच इथे केविलवाणा दिसतो. शेवटी उठून टोपी सरळ करणं: २३ फ्रेम. बेरीज १४४, म्हणजे बरोबर सहा सेकंद.

दुसरी झेप याच्या निम्मी, ७२ फ्रेम. पोझ आणि आरोळी काढून टाका, प्रेक्षकाला ती ठाऊक आहे. झाड दुसरं, आपटणं तसंच.

तिसरी झेप दाखवायचीच नाही. नायक चौकटीबाहेर गेला की कॅमेरा फ्रायरच्या तोंडावर. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे १० फ्रेममध्ये जातात. मग शांतता. किती? चक जोन्सनं कड्यावरून पडणाऱ्या कोल्ह्यासाठी हेच मोजलं होतं: नजरेआड व्हायला १८ फ्रेम, आणि त्यानंतर १४ फ्रेमनी आपटल्याची धूळ. तेरानं हसू येत नव्हतं, पंधरानंही नाही, असं तो सांगत असे. तुमच्या आवाजाला तेरा किंवा सोळा लागतील, पण १४ पासून सुरुवात करा आणि एकेक फ्रेमनं वरखाली करून बघा. ऐकू येणाऱ्या आपटण्यानंतर फ्रायरचे डोळे मिटतात, आणि ते हिरवं पीस हेलकावे खात वरून चौकटीत उतरतं. फ्रायर ते अलगद झेलतो आणि झग्याच्या खिशात ठेवतो. एकूण ९६ फ्रेम. या पिसाला विसरू नका.

बाण, आणि एक नाणं

नायक मागे न बघता हात भात्याकडे नेतो. बोटं बाणांवरून सरकतात, पुढे जातात आणि क्रमांक चारच्या काट्यावर थांबतात. तो ओढतो. पाठीची कातडी तंबूसारखी वर येते, १२ फ्रेम सावकाश, ८ फ्रेम थांब. काटा सुटतो २ फ्रेममध्ये. आता वेदना दाखवायची तर क्रम महत्त्वाचा: आधी डोळे मोठे, चार फ्रेमनंतर भुवया, आणखी चार फ्रेमनंतर ओठ थरथरतात. तोंड आधी उघडलंत तर नुसती किंकाळी होते. डोळे आधी बदलले तर 'आपलं काय झालं हे त्याला कळतंय' असं दिसतं.

आणि हे सगळं होऊनही तो कबूल करत नाही. डोळ्यांत पाणी, ओठांवर नायकाचं हसू, आणि तो काटा डौलात धनुष्याला लावतो. या एका पोझवर पूर्ण २४ फ्रेम थांबा. सगळ्या कार्टूनमधली ही सर्वांत चांगली पोझ झाली पाहिजे, एक दिवस हिच्यावरच घालवा.

काटा सुटतो आणि पायापाशी पडतो. गाढव एकाच चालीनं येतं. श्रीमंत गृहस्थ वाकून काटा उचलतो, दात कोरतो, समाधानानं मान हलवतो आणि हेजहॉगच्या ओंजळीत एक नाणं टाकून निघून जातो. ज्याला लुटायचं, तोच भीक घालून गेला. वचनाचा रकाना इथे उलटा झाला.

गाढवाची चाल २४ फ्रेमचं एक आवर्तन, बारा चित्रं. ती सगळ्या कार्टूनमध्ये चार वेळा वापरता येते, त्यामुळे या बारा चित्रांवर हवा तेवढा वेळ घालवा. काहीही घडलं, झाड पडलं, आरोळी आली, तरी गाढवाचा वेग बदलू देऊ नका. गृहस्थ एकदा जरी दचकला तर त्याची बेफिकिरी संपते आणि तिसरं पात्रच नाहीसं होतं.

पुलावरची काठी

याचं तत्त्व एका वाक्यात: तयारी लांब, उत्तर छोटं. नायक काठी फिरवतो, प्रत्येक डावाचं नाव स्वतःच पुकारतो, 'वार! पलट! हूल! बगल!', प्रत्येक शब्दाला ८ फ्रेम आणि एक ठाम पोझ. असे बारा डाव म्हणजे ९६ फ्रेम. फ्रायर काठी ४ फ्रेममध्ये जराशी पुढे करतो. टक्. नायक पाण्यात.

बारा पोझेस एकमेकींहून वेगळ्या हव्यात, पण त्यांच्या मधली चित्रं फार नकोत. दोन पोझेसमध्ये एकच स्मिअर पुरे. इथे गुळगुळीतपणा आणलात तर तो खरंच काठी फिरवण्यात तरबेज वाटू लागतो.

पाण्यातून तो वर येतो, टोपीतून पाणी ओततो, पुन्हा पुलावर. दुसऱ्यांदा फक्त चार डाव. तिसऱ्यांदा तो तोंड उघडतो आणि डावाचं नाव उच्चारण्याआधी स्वतःच पाण्यात उडी मारतो. ही तिसरी खेप फ्रायरच्या काठीशिवायच घडली पाहिजे. एकच विनोद तीनदा मोठा मोठा करत नेणं पुरत नाही, तिसऱ्या खेपेला कर्ता बदलावा लागतो. झेपेत तो बदलून फ्रायरच्या डोळ्यांत गेला, इथे नायकाच्या स्वतःच्या निर्णयात.

रान हिरवं नको

हिरव्या कपड्यांतला नायक हिरव्या रानात दिसेनासा होतो, आणि हे रंग भरायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. १९५८ च्या कार्टूनची दृश्यरचना मॉरिस नोबलची होती. त्याच्या पार्श्वभूमी बघा: पानं मोजून काढलेली नाहीत, मोठे सपाट आकार आहेत आणि हालचाल होणार तिथे मोकळी जागा आहे. आपल्या रानाला पिवळसर गेरू, करडा निळा आणि फिकट जांभळा द्या. गडद हिरवा फक्त नायकाचा. खोडं उभी, सरळ, एकमेकांपासून वेगवेगळ्या अंतरावर. ज्या झाडावर तो आपटणार ते वेगळ्या थरावर काढा, म्हणजे हादऱ्याच्या वेळी त्याला एकट्यालाही हलवता येईल. आपटायचं झाड शॉटच्या सुरुवातीपासून दिसत राहू द्या. अचानक उगवलेलं झाड दगा वाटतं. सगळ्यांना दिसतंय आणि फक्त त्याला दिसत नाही, यातच मजा आहे.

ठोके आणि ठोसे

संगीताची लय फ्रेममध्येच मोजा. १२ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १२०, १६ फ्रेमला ९०, ८ फ्रेमला १८०. गाढवाचं आवर्तन २४ चं आहे, म्हणजे १२ च्या लयीत ते बरोबर दोन ठोक्यांत बसतं. पुलावरचे डाव ८ फ्रेमचे, म्हणजे तिथे लय १८० वर न्या.

नायकाला तुतारीसारखी आठ सुरांची एक धून द्या. पहिल्या झेपेला आठही सूर वाजतात. दुसऱ्या वेळी आपटण्यानं धून पाचव्या सुरावर तुटते. तिसऱ्या वेळी दोनच सूर. हे कुणी मुद्दाम मोजत नाही, पण कानाला कळतं.

बाकीचे आवाज घरीच करा. आपटण्यासाठी गुंडाळलेल्या गादीवर बॅटचा फटका आणि त्याच क्षणी लाकडी पाटावर मुठीचा ठोका, दोन्ही एकत्र. नुसती गादी मऊ लागते, नुसता पाट कोरडा. काठ्यांसाठी टिपऱ्या. धनुष्याच्या दोरीसाठी टेबलाच्या कडेला दाबून धरलेली प्लास्टिकची फूटपट्टी, वीस सेंटिमीटर बाहेर. बाणासाठी हवेत फिरवलेली वेताची छडी. खोडावरून घसरायला ओल्या बोटानं घासलेला फुगा. पिसाला काहीच आवाज नको, उलट ते उतरत असताना रानातले पक्षीसुद्धा बंद करा.

ठोसा पहिल्या चपट्या फ्रेमवरच पडला पाहिजे. दोन फ्रेम उशीर झाला तरी मार पोकळ वाटतो, आणि मग लोक उगाच आवाज वाढवत बसतात.

कच्च्या चित्रांची चाचणी

स्वच्छ रेषा काढायला घेण्याआधी सगळ्या ९० सेकंदांचं ॲनिमॅटिक, म्हणजे अंगठ्याएवढ्या कच्च्या चित्रांची वेळेनुसार लावलेली फिल्म, करून ध्वनीसह बघा. पाच जणांना दाखवा, त्यांत दोन तरी लहान मुलं असू द्या. काय आवडलं ते विचारू नका, त्यांच्या तोंडाकडे बघा आणि कुठल्या फ्रेमला हसले ते टिपा. हसू अपेक्षेपेक्षा आधी आलं तर तुम्ही विनोद फोडलात, आदली पोझ जास्त बोलतेय. उशिरा आलं तर पोझ वाचायला वेळ कमी पडला, चार फ्रेम वाढवा. अजिबात आलं नाही तर फ्रेम वाढवून काही होणार नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: नायकाला नेमकं काय हवंय ते त्या शॉटमध्ये दिसत नाही. मागच्या शॉटमध्ये जाऊन त्याची नजर दुरुस्त करा.

चाचणीत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, सगळे होल्ड सारखेच लांब झालेले असतात, सगळे बारा किंवा सगळे सोळा. मग कार्टून मोजणीसारखं चालतं. दुसरी, आपटण्याच्या क्षणी शॉट बदललेला असतो. झेप आणि आपटणं एकाच शॉटमध्ये ठेवा, कात्री आधी किंवा नंतर चालवा.

शेवटचे १८ सेकंद

नायक पुलाखाली भिजून बसलेला आहे. मुठीत ते नाणं. तो फ्रायरच्या भिक्षापात्राकडे बघतो, नाण्याकडे बघतो आणि नाणं पात्रात टाकतो. संगीत नाही, आरोळी नाही, फक्त नाण्याचा टण्. श्रीमंताकडून घेतलं, गरिबाला दिलं. वचन पुरं झालं आणि त्याला स्वतःला ते कळलेलंही नाही. फ्रायरला कळलंय. हे कळणं दाखवायला फ्रायरच्या तोंडावर ४० फ्रेम द्या, कार्टूनमधला सर्वांत लांब होल्ड. डोळ्यांची एक उघडझाप एवढीच हालचाल.

मग तो खिशातून पीस काढतो, ओल्या टोपीत खोचतो आणि हात पुढे करतो: 'चला, रॉबिनराव.'

चार वेळा 'बाळा' ऐकल्यावर हे 'राव' येतं, त्यामुळे इथे एकही शब्द जास्तीचा नको. नायकाची छाती हळूहळू फुगते, कमरेवर हात जातात, तुतारीची धून पहिल्या सुरापासून सुरू होते. तो वेल पकडतो, चौकटीबाहेर जातो. धून या वेळी सातव्या सुरापर्यंत पोचते. तिथे टक्कर ऐकू येते आणि फ्रायर त्या दिशेनं घाईघाईनं चालू लागतो.

त्या टकरीनंतर नावं लगेच आणू नका. रिकामं रान ३६ फ्रेम तसंच राहू द्या, गाढव आपल्या चालीनं मागून जाऊ द्या, आणि मग काळोख. फाइल २४ फ्रेमलाच बाहेर काढा. एडिटिंग ॲपमध्ये हालचाल मऊ करणारा पर्याय असेल तर बंद ठेवा. मधले फ्रेम तो स्वतः बनवतो, स्मिअरची चित्रं पुसट करतो आणि झाडावर आपटताना मुद्दाम गाळलेलं स्पर्शाचं चित्र परत आणून ठेवतो. टीव्हीवर दाखवणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधलाही तो पर्याय बंद आहे ना, हे आधी जाऊन बघा.